धरणाचे घड्याळ आणि शाळेची सहल



यंदाची सहल रायगड जिल्ह्यातील कोलाडला न्यावी आणि तेथे कुंडलिका नदीत राफ्टिंग करू द्यावे, असा अर्ज नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी आमच्याकडे दिला आहे. ही बातमी घरोघरी पोचताच काही पालकांनी शाळेत येऊन नकार कळविला. त्यांची भीती खोटी नाही. तरीही ही सहल व्हावी असे आमचे मत आहे, आणि ते का, हे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आधी ही नदी समजून घेऊ. पावसाळा सरला की कोकणातल्या पुष्कळ नद्या रोडावतात. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही सकाळी खळाळत असते, कारण तिचे पाणी घाटावरून येते. पुणे जिल्ह्यातील मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिरा येथे उतरवून १९२७ पासून मुंबईसाठी वीज तयार केली जाते. (याच धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह झाला. तो विषय इतिहासाच्या तासाला घेऊच.) वीज करून बाहेर पडलेल्या पाण्याला 'अवजल' म्हणतात. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे हा शब्द आम्हाला नवा होता, पण फार आवडला. हे अवजल साधारणपणे सकाळी नदीत सोडले जाते आणि राफ्टिंगवाले त्याची वाट पाहत काठावर थांबतात.

यात गंमत वेळेची आहे. सोडलेले पाणी नदीत सगळीकडे एकदम वाढत नाही. ते लाटेसारखे खाली सरकते. पाच-सात किलोमीटरवर ते उशिरा पोचते, आणि दरवाजे बंद झाल्यावर तेथे ओसरतेही उशिरा. घाई करून पाण्याच्या पुढे निघाले तर राफ्ट उथळ खडकांत अडकते. फार रेंगाळले तर पाणी पुढे निघून जाते. म्हणून भरल्या प्रवाहाबरोबर उतरायचे. ज्या दिवशी पाणी सोडले नाही त्या दिवशी राफ्टिंग नाही, मग पाहुणे किती का लांबून आलेले असोत! वेग, अंतर आणि वेळ यांची वहीतली उदाहरणे येथे डोळ्यांसमोर घडतात.

आता पालकांच्या भीतीकडे येऊ. ८ जून २०१४ ची संध्याकाळ आपल्या राज्यात कोणी विसरलेले नाही. तेलंगणा राज्य स्थापन होऊन सहा दिवस झाले होते. हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी हिमाचल प्रदेशात सहलीला गेले होते. ते बियास नदीच्या पात्रात खडकांवर उभे राहून फोटो काढत होते. वरच्या लारजी धरणातून पाणी सुटले आणि २४ विद्यार्थी वाहून गेले. पुढे उच्च न्यायालयाने भरपाईचा आदेश दिला, तेव्हा त्यातील वाटा महाविद्यालयावरही ठेवला. कोणत्याही मुख्याध्यापकाने हे टेबलावर लिहून ठेवावे.

परंतु एक गोष्ट नीट पाहा. ती मुले राफ्टिंग करीत नव्हती. अंगात लाइफ जॅकेट नव्हते, सोबत नदी जाणणारा वाटाड्या नव्हता, वर काय चालले आहे याची खबर नव्हती. पाणी थोडे, खडक कोरडे, म्हणून ती पात्रात उतरली. कोलाडला पाणी येणार हे ठाऊक असते, त्याचीच वाट पाहिली जाते. राफ्टिंगच्या नावाने घाबरणारे आपण, डबे घेऊन कोणत्याही धरणाखालच्या खडकावर मात्र बिनधास्त बसतो. आमच्या मते मोठा धोका तेथे आहे.

आणि हे आपल्या दारातले आहे. बेला-जैनदकडच्या मुलांना पैनगंगा रोजची. वर इसापूर धरण भरले की खाली सोडलेले पाणी आपल्या काठापर्यंत येते, आपल्याकडे त्या दिवशी थेंब पडलेला नसला तरी. सातनाल्याचे दरवाजे पावसाळ्यात उघडतात. शेजारच्या निर्मल जिल्ह्यात कडेम धरणावर जुलै २०२२ मध्ये दरवाजांच्या क्षमतेपेक्षा जास्त पाणी आले आणि खालची गावे रिकामी करावी लागली. आपल्या मुलांना भोंग्याचा अर्थ पुस्तकाआधी कळला पाहिजे.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवत आहोत ते असे: कोलाडला फक्त चौदा वर्षांवरील मुले, पालकांच्या लेखी संमतीनेच नेऊ. त्या दिवशी पाणी केव्हा सुटणार हे आयोजकांकडून विचारल्याशिवाय आणि जॅकेट-हेल्मेट आमच्या शिक्षकांनी स्वतः तपासल्याशिवाय कोणी काठ सोडणार नाही. सर खरेच पाण्यात उतरणार का, असे मुले विचारत आहेत. उतरणार! दुसरे असे की, यापुढे शाळेची कोणतीही सहल, जवळची असो की लांबची, धरणाखालच्या पात्रात पाटबंधारे खात्याकडे चौकशी केल्याशिवाय उतरणार नाही. कोलाड नामंजूर झाले तरी हा दुसरा नियम मंजूर करावा, ही नम्र विनंती.

ज्या पालकांची संमती नसेल त्यांची मुलेही सोबत यावीत. ती काठावर बसतील. पाण्यालगतचा एक दगड ठरवून घेतील, आणि तो किती वाजता बुडाला व किती वाजता पुन्हा दिसू लागला, याची वहीत नोंद करतील.