विमानातून पेण-रोहा

शिक्षक मित्रांनो, पालकहो, २००६ सालचा 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स' आठवतो का? विमान उडवायला मजा यायची, पण खाली पेण काय नि रोहा काय, जमीन साचेबंद चित्रांचीच! २०२० च्या आवृत्तीत उपग्रहचित्रांवरून बनवलेली जमीन इंटरनेटवरून येते, म्हणून मला तीच जास्त आवडते. मुलांच्या हातात तालुक्याचा नकाशा द्या नि पेणहून रेल्वेमार्ग धरून दक्षिणेला न्यायला सांगा. नागोठण्याला अंबा नदी, पुढे रोह्याची कुंडलिका. 'गेमच तो!' म्हणून हिणवू नका. भारी संगणक नि वेगवान इंटरनेट लागतं खरं, ते घरोघरी कुठून असणार? शाळेत एकाच पडद्यावर सगळ्या वर्गाने मिळून उडवावं. इमारती बऱ्याचदा अंदाजाने उभ्या केलेल्या असतात. आपल्या गावातली कुठली चुकली, ते मुलांनाच शोधू द्या.