उदासीनतेविरुद्धचे मागणे

'रॉक संगीत' म्हटले की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा सैतानी धिंगाणा आहे, असा निकाल गाणे ऐकण्यापूर्वीच लागलेला असतो. तरुणांना मात्र अशा गाण्यांत 'खचू नकोस, तू जिंकशील' एवढाच संदेश ऐकू येतो. दोन्ही पक्षांनी अर्जेंटिनातील एक स्पॅनिश गीत जरूर ऐकावे.

१९७८ साली लेऑन गिएको या गायकाने 'सोलो ले पिदो आ दिओस' हे गीत जगापुढे आणले. 'देवाजवळ एवढेच मागणे' असा त्या नावाचा अर्थ. तो काळ भयंकर होता. १९७६ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि हजारो माणसे घरांतून, रस्त्यांवरून उचलून नेली. १९८४ च्या चौकशी आयोगाने ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. हे सेनाधिकारी स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक म्हणवीत! १९७८ च्या अखेरीस तर अर्जेंटिना आणि चिली हे दोन कॅथलिक देश बीगल सामुद्रधुनीतील बेटांसाठी युद्धाच्या उंबरठ्यावर उभे ठाकले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी कार्डिनल सामोरे यांना धाडले, म्हणून रक्तपात टळला.

अशा समयी गायक देवाकडे काय मागतो? स्वतःचे रक्षण वा शत्रूवर विजय तो मागत नाही. दुःख, अन्याय आणि युद्ध पाहून आपले काळीज दगडाचे होऊ नये, एवढीच त्याची याचना. १९८२ साली निर्वासनातून परतलेल्या मेर्सेदेस सोसा यांनी हेच गीत ब्वेनोस आयरेसच्या रंगमंचावर गायिले. येथे तगून राहणे म्हणजे माणुसकी शाबूत ठेवणे होय.

'हे राजकारण, धर्माचा येथे संबंध काय?' असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर त्याच देशाच्या चर्चने दिले आहे. गोरगरिबांची बाजू घेणारे बिशप आंजेलेल्ली १९७६ मध्ये मारले गेले. तो मोटार अपघात असल्याचे भासविण्यात आले. २०१९ मध्ये चर्चने त्यांना हुतात्मा म्हणून धन्यवादित घोषित केले. कित्येक धर्माधिकारी मात्र गप्प राहिले. २००० साली तेथील बिशपांना त्याबद्दल जाहीर क्षमा मागावी लागली. उदासीनतेच्या जागतिकीकरणावर २०१३ मध्ये लाम्पेदुसा बेटावरून आसूड ओढणारे पोप फ्रान्सिस याच भूमीचे सुपुत्र होते.

आता आपल्या विश्वासू जनांच्या प्रार्थना आठवाव्यात. परीक्षेत यश, परदेशी नोकरी, घराला बरकत: मागण्यांची यादी लांबतच जाते. ही मागणी पाप नव्हे. परंतु शेजाऱ्याच्या दुःखाने आपली झोप उडावी, असे मागणे त्या यादीत कधी असते काय?

दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांच्या कानी कोणतेही सैतानी संगीत पडले नव्हते. ते पवित्र स्तोत्रे म्हणणारे होते. तरीही जखमी वाटसरूला ओलांडून ते निघून गेले. गिटार आणि ढोल यांच्यापासून मुलांना वाचविण्याआधी आपण या बधिरपणापासून स्वतःला वाचवावे.