नव्वदीच्या घरातली माणसे

वयाला नावे देण्यात आपली मराठी मोठी उदार आहे. पण माझ्या मते हे औदार्य आयुष्याच्या पूर्वार्धापुरतेच आहे. मूल तान्हे असते, मग रांगते, मग दुडदुडते. पुढे कुमार, किशोर, मिसरूड फुटलेला, वयात आलेली. मग विशी, तिशी, चाळिशी. चाळिशी तर इतकी घरोब्याची, की नाकावरच्या चष्म्यालाही आपण तेच नाव देऊन टाकले.

साठीनंतर मात्र भाषेचा हात आखडतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून एका फटक्यात निकाल लागतो. मग उरतात म्हातारा, थेरडा, पिकले पान. सभ्यपणे बोलायचे तर ‘ज्येष्ठ नागरिक’. २००७ च्या कायद्याने साठ वर्षे पूर्ण केलेला प्रत्येक जण ज्येष्ठ नागरिक ठरतो. कायद्याची ती सोय आहे. पण घरात काय दिसते? सासू नव्वदीत, सून पासष्टीत. सून स्वतःचे दुखरे गुडघे सांभाळत सासूची आंघोळ, औषधे, जेवण पाहते. कागदावर दोघीही ज्येष्ठ नागरिक! एकीला आधार हवा आणि दुसरीला विसावा, हा फरक त्या एका शब्दात बुडून जातो.

आणि साठीला बुद्धी नासते हे तरी कुठे खरे? महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले, तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९४४ मध्ये समता संघ स्थापन केला, तो शहाऐंशीव्या वर्षी. १९५८ मध्ये, वयाच्या शंभरीत, त्यांना ‘भारतरत्न’ मिळाले. या माणसाला ती म्हण कशी लावायची?

इंग्रजीत नव्वदीतल्या माणसाला ‘नॉनाजनेरियन’ असा स्वतंत्र शब्द आहे. तसा एखादा संस्कृत शब्द आपणही घडवावा, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. आपण ‘आजोबा नव्वदीच्या घरात आहेत’ असे म्हणतो. यात माणूस म्हणजे आकडा होत नाही. तो त्या वयात राहायला गेलेला असतो. घर म्हटले की दार आले, जाणे-येणे आले, विचारपूस आली. याहून चांगला शब्दप्रयोग कुठून आणायचा?

शिवाय जुनी शिदोरीही आहे. एकसष्टी आहे, पंच्याहत्तरी आहे. सहस्रचंद्रदर्शन आहे: दोन पौर्णिमांमध्ये सुमारे साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमा पाहायला जवळजवळ ऐंशी वर्षे दहा महिने लागतात. म्हातारपण मोजण्याची याहून सुंदर रीत मला ठाऊक नाही. २०२२ साली एस.टी.ने पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास दिला, तेव्हा त्यांना ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ म्हटले. म्हणजे मनात आणले तर सरकारलाही वेगळा शब्द सापडतो.

उलट ‘शतायुषी हो’ हा आशीर्वाद देणारे आपणच ‘तुझी शंभरी भरली’ अशी धमकीही देतो! शब्दांत आपले मन दिसते, ते असे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण गावाची पाहणी करतो, तेव्हा तक्त्यात ‘वृद्ध’ असा एकच रकाना असतो. माझी सूचना एवढीच, की त्या जागी साठी, सत्तरी, ऐंशी, नव्वदी असे चार रकाने आखावेत. आणि नव्वदीच्या रकान्यात नाव आले, तर त्या घरात त्यांचे कोण करते आणि करणाऱ्याचे वय काय, हेही विचारावे.