बटाट्याला सुट्टी!

तिशी ओलांडली आणि माझी शुगर ‘बॉर्डरलाइन’ आली. घरात आई-बाबा दोघांनाही डायबेटिस, तेव्हा थट्टेवारी नेणं परवडणारं नव्हतं. पण लाडका मॅश्ड पोटॅटो सोडायचा? छे! मी भाजीच बदलली.

100 ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण 87 कॅलरीज आणि 20 ग्रॅम कार्ब्ज. तेवढ्याच फ्लॉवरमध्ये जेमतेम 25 आणि 5!

मध्यम गड्ड्याचे तुरे काढून मिठाच्या कोमट पाण्यात 10 मिनिटं ठेवा. अळ्या असतील तर निघतील. मग मऊ होईपर्यंत वाफवा. खरी मेख पुढेच आहे. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, म्हणून तुरे जरा निवले की स्वच्छ पंच्यात घट्ट पिळा. नाहीतर मॅशऐवजी सूप! चमचाभर बटरमध्ये लसणाच्या दोन पाकळ्या परता, मीठ-मिरपूड घाला आणि सगळं सरळ मिक्सरला लावा. बटाटा मिक्सरमध्ये स्टार्चमुळे चिकट होतो, फ्लॉवर मात्र मऊसूत!

अगदी बटाट्याची चव येत नाही, हे खरं. पण ग्रिल्ड चिकन किंवा पनीरशेजारी वाढून बघाच. आणि हो, बटर चमचाभरच हं, नाहीतर सगळा हिशेब बोंबलला!