बूस्टर नको, अँटेना लावा

घरून ऑर्डर घेताना नेट गोल गोल फिरत बसलं की गिऱ्हाईक थांबत नाही. मग कोणीतरी सुचवतं, ‘सिग्नल बूस्टर बसव.’ माझं स्पष्ट मत: बसवू नका. आपल्याकडे परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदेशीर आहे, आणि त्याने शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडू शकतं.

त्यापेक्षा सिम टाकायचा फोरजी राऊटर घ्या, पण मागे बाहेरच्या अँटेनासाठी सॉकेट आहे ना ते बघून. (नुसत्या दांड्या बघून भुलू नका, त्या कधीकधी फक्त वायफायच्या असतात!) खर्च करण्याआधी फोन घेऊन गच्चीवर जा आणि सेटिंगमध्ये सिग्नल स्ट्रेंथ बघा. घरात उणे 115 डीबीएम आणि गच्चीवर उणे 95 दिसत असेल, तर अँटेनाचे पैसे वसूल. वरही तेवढंच कमी असेल, तर आधी दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून बघा. आणि कांड्या फुल असूनही संध्याकाळी नेट रांगतं? मग टॉवरवर गर्दी आहे, तिथे अँटेना फारसं काही करणार नाही.

अँटेनाची केबल मात्र आखूडच ठेवा, लांब केबलमध्ये कमावलेला सिग्नल वाटेतच जिरतो. राऊटर वरच्या खोलीत अँटेनाजवळ ठेवा आणि तिथून साधी लॅन वायर खाली सोडा.