किल्ल्या हातात, आदेश कुठे?

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमधून एका सिस्टरचा फोन आला. तिच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाला, फोटो झाले आणि संध्याकाळी मेट्रन मॅडमनी किल्ल्यांचा जुडगा हिच्या हातात ठेवला. "आता तूच सगळ्यांत सीनियर. नवीन कुणी येईपर्यंत आठ-पंधरा दिवस बघ." तेव्हापासून ड्युटी लावणं, इंडेंट, लिनन, मुदत संपत आलेल्या औषधांची यादी, नातेवाइकांची भांडणं हे सगळं ती बघते आहे, वर स्वतःचे पेशंट आहेतच. पगार स्टाफ नर्सचाच. पण फोन पगारासाठी नव्हता. तपासणी आठ दिवसांवर आली होती आणि नार्कोटिक्सच्या रजिस्टरमधल्या मागच्या कोऱ्या ओळी भरून त्यापुढे सह्या कर, असं तिला सांगण्यात आलं होतं. त्यातल्या काही तारखा तिच्याकडे किल्ल्या येण्याआधीच्या होत्या.

मी विचारलं, "सही केलीस का?" ती म्हणाली, "अजून नाही."

मी केली होती. पुरुष शल्य वॉर्डचा चार्ज माझ्याकडे असाच तोंडी आला होता आणि चार वर्षं राहिला. ते रजिस्टर अजून डोळ्यांसमोर आहे: तारीख, पेशंटचं नाव, नोंदणी क्रमांक, डोस, डॉक्टरांची सही, शिल्लक, आणि शेवटच्या रकान्यात रिकामी ॲम्प्युल परत केल्याची सही. पेथिडिनच्या पानावर तो शेवटचा रकाना तीन ठिकाणी कोरा होता. "फॉर्मॅलिटी आहे," असं मला सांगितलं गेलं. वर्षभरानं साठा मोजला तेव्हा चार ॲम्प्युल कमी भरल्या आणि नोटीस माझ्या नावानं निघाली. पगारपत्रकात मी कधीच इन्चार्ज नव्हते. नोटिशीत पहिल्या ओळीत होते. चार्ज कधी घेतला, काय काय मोजून घेतलं, हे दाखवायला माझ्याकडे चिटोरंही नव्हतं. होत्या त्या माझ्याच सह्या.

बढतीशिवाय काम वाढवणं आणि खोट्या नोंदी करून घेणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, असं मी बरीच वर्षं समजत होते. आता तसं वाटत नाही. जिला पद नाही तिला 'नाही' म्हणायचा अधिकारही नाही. ती उद्या बढती मिळेल या आशेवर असते, म्हणून वरच्यांना नाराज करत नाही. अशीच व्यक्ती सहीसाठी सोयीची असते. रात्रीचे बीपी-पल्स संध्याकाळीच चार्टवर भरून ठेवणं, तपासणीच्या दिवशी विद्यार्थिनींना स्टाफच्या गणवेशात उभं करणं, ड्युटी पत्रकावर नोकरी सोडून गेलेल्यांची नावं चालू ठेवणं, हे आपल्यातल्या कुणाला ठाऊक नाही? सामान्य रुग्णालयात पाच पेशंटमागे एक आणि शिक्षण-रुग्णालयात तिघांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा, हा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तो कागदावर बसवायचा तर कुणाला तरी खोट्या पत्रकावर सही करावी लागते, आणि त्या जागी बहुतेक वेळा बिनआदेशाची इन्चार्ज असते.

6 नोव्हेंबर 2021 रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि 11 रुग्ण गेले. ते दुःख आधी, बाकी सगळं नंतर. पण त्यानंतर अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना, हेही आपण विसरू नये. अग्निशमन यंत्रणा बसवणं किंवा तिच्यासाठी निधी मिळवणं त्यांच्या हातात नव्हतं. अशा वेळी कुणाकडे काय सोपवलं होतं आणि कधी, हे कागदच सांगतो.

म्हणून आदेशाचा आग्रह धरायचा. सरकारी सेवेतल्या भगिनींनी आणि ब्रदर्सनी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल लक्षात ठेवावेत. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात 1991 साली न्यायालयानं म्हटलं, की वरच्या पदाचं काम नुसतं बघायला सांगणं म्हणजे बढती नव्हे, त्यामुळे त्या पदाचा पगार मिळत नाही. मिळाला तर कार्यभार भत्ता. 1998 साली चंदीगडच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात मात्र न्यायालय त्याच्या बाजूनं उभं राहिलं. त्याला वरच्या पदावर तात्पुरती बढती दिली होती आणि त्या पदाचे लाभ मागणार नाही असं त्यानं लिहून दिल्याचा प्रशासनाचा दावा होता. असं लिहून घेणं कायद्याला आणि सार्वजनिक धोरणाला धरून नाही, करार कायद्याच्या कलम 23 खाली ते टिकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की आदेशातल्या शब्दांना किती किंमत आहे ते कळतं. 'कामकाज पाहावे' आणि 'पदावर नियुक्ती' यांत वर्षानुवर्षांच्या पगाराचं अंतर असतं. खासगी नोकरीत आपल्या हाती नियुक्तीपत्र असतं; त्यात नसलेलं काम अंगावर आलं तर तेही लेखी मागावं.

"मग पेशंटला वाऱ्यावर सोडायचं का?" हा प्रश्न आपल्याला नेहमी ऐकवला जातो, आणि आपण तिथेच विरघळतो. पेशंटला कुणी सोडत नाही. त्या रात्री किल्ल्या घ्या, हँडओव्हर घ्या, वॉर्ड चालवा. सकाळी चार ओळींचं पत्र द्या: अमुक तारखेला तोंडी सूचनेवरून चार्ज घेतला, कपाटात अमुक साठा मोजून मिळाला, लेखी आदेश आणि मुदत कळवावी. आवक क्रमांक घालून पोच घ्या. राहून गेलेली नोंद करायचीच असेल तर 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून आजची तारीख आणि आताची वेळ घाला. आणि तीही तुम्ही स्वतः दिलेल्या डोसचीच. नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेत तुमच्या नावावर आहे, हॉस्पिटलच्या नाही.

अधिसेविका आणि मेट्रन मॅडमना मी हात जोडून सांगते: तुमच्यावर वरून दबाव असतो, मी तो पाहिला आहे. पण तुम्हीही कधीतरी असाच जुडगा हातात घेऊन उभ्या होतात. दहा ओळींचा आदेश काढायला जागा भरायची परवानगी लागत नाही.

त्या सिस्टरनं दुसऱ्या दिवशी पत्र दिलं. सोबत एक यादी जोडली: कोऱ्या ओळी कुठल्या पानावर, कुठल्या तारखांच्या, आणि त्या दिवशी कपाटात प्रत्यक्ष किती ॲम्प्युल होत्या. मेट्रन मॅडम तिच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. तपासणी त्या कोऱ्या ओळींसकट झाली. आदेश अजून आलेला नाही. आवक शिक्क्याची प्रत तिनं मला फोटो काढून पाठवली आहे. मूळ प्रत घरी, तिच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या फाइलमध्ये आहे.