साठीची बुद्धी चाळिशीत राखावी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तुम्ही घरात कधी ना कधी ऐकली असेल. आजोबा चष्मा कोठे ठेवला ते विसरले, आजीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, की कोणीतरी ती हसत हसत म्हणतो. माझ्या मते ही म्हण दोन ठिकाणी चुकते. साठी उलटली म्हणून बुद्धी ढळलीच पाहिजे, असा निसर्गाचा नियम नाही. बहुसंख्य वृद्धांना स्मृतिभ्रंश होत नाही. आणि ज्यांना तो होतो, त्यांच्या मेंदूतील बिघाडाची सुरुवात पुष्कळदा चाळिशी-पन्नाशीतच, कोणाच्या लक्षात न येता झालेली असते. म्हणजे आज तुमचे आईवडील आणि शिक्षक ज्या वयात आहेत, त्या वयात!

हे कसे घडते ते पाहू. मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अवघे २ टक्के. पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. एवढा खर्च असून त्याच्याजवळ साठा मात्र जवळजवळ नसतो. रक्ताचा पुरवठा पूर्ण थांबला, तर काही सेकंदांतच माणूस बेशुद्ध पडतो. मेंदूचे आरोग्य हे असे त्याच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून आहे.

मेंदूच्या मोठ्या रोहिण्यांपासून अतिशय बारीक फांद्या निघून आत खोलवर शिरतात. रक्ताचा दाब वर्षानुवर्षे जास्त राहिला, तर त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात आणि आतील पोकळी अरुंद होते. कालव्याच्या अगदी शेवटी असलेल्या शेताला पाणी पोचू नये, तशी मेंदूच्या खोल भागाची गत होते. कधी एखादी वाहिनी बंद पडून वाटाण्याहूनही लहान भाग मरतो. मेंदूच्या ऊतींना वेदना जाणवत नाही. त्यामुळे माणसाला याचा पत्ताच नसतो. अशा जखमा साचत गेल्या, की विचार मंदावतो, साधा हिशोबही जड जातो. अल्झायमरचा रोग याहून वेगळा आहे; त्यात मेंदूत विशिष्ट प्रथिने साचतात. पण वृद्धांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी केली असता हे दोन्ही बिघाड पुष्कळदा एकत्रच आढळले आहेत.

याला पुरावा काय, असे तुम्ही विचारलेच पाहिजे. लंडनमधील १० हजारांहून अधिक सरकारी नोकरांच्या प्रकृतीची पाहणी १९८५ साली सुरू झाली. ती ‘व्हाइटहॉल दोन’ या नावाने ओळखली जाते. तिचे २०१८ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की वयाच्या ५० व्या वर्षी ज्यांचा वरचा रक्तदाब १३० किंवा त्याहून अधिक होता, त्यांना पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी जास्त होता. साठाव्या वा सत्तराव्या वर्षी मोजलेल्या दाबाशी मात्र असा संबंध दिसला नाही.

आता संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झाले, असे नव्हे. म्हणून प्रयोग हवा. अमेरिकेत पन्नाशीच्या पुढील ९,३६१ व्यक्तींवर तसा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचा वरचा दाब १२० च्या खाली, तर दुसऱ्याचा १४० च्या खाली आणण्याचा प्रयत्न केला. २०१९ साली कळले, की पहिल्या गटात बुद्धीच्या सौम्य ऱ्हासाचे प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होते. पूर्ण स्मृतिभ्रंशही थोडा कमी दिसला. पण तो फरक खात्रीने सांगण्याइतका मोठा नव्हता. पुरावा येथवर आहे. तो फुगवून सांगू नये, तसेच दुर्लक्षूही नये.

म्हणून माझी एक सूचना आहे. रुधिराभिसरणाचा धडा तुम्ही शाळेत शिकता, हृदयाची आकृती काढून नावेही देता. मग प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत रक्तदाबमापक का नसावे? शिक्षकांनी ते वापरायला शिकवावे आणि पालकसभेच्या दिवशी इच्छा असेल त्या पालकांचा दाब विद्यार्थ्यांनी मोजावा. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून, दोनदा मोजायचा. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच त्रास देत नाही. त्यामुळे मोजल्याशिवाय तो कळण्याचा मार्ग नाही.

यावर कोणी म्हणेल, मुलांनी डॉक्टर होऊ नये. अगदी खरे! एका मोजणीवरून कोणाला रोगी ठरवू नये, आणि औषध सुरू वा बंद करण्याचा सल्ला तर मुळीच देऊ नये. आकडा पुन्हा पुन्हा जास्त आला तर ‘बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवा’ एवढेच सांगावे. आपल्या मुलाने स्वतः मोजलेला आकडा वडील भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा अधिक मनावर घेतील, असे मला वाटते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी आणि टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली. उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बैठे जीवन ही त्यांतलीच. ही सर्व दूर झाली, तर सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. उरलेल्यांच्या बाबतीत वय आणि आनुवंशिकता यांपुढे आज आपला फारसा इलाज चालत नाही. म्हणून ज्या आजीला विस्मरण झाले आहे, तिला दोष देऊ नका आणि ती म्हण तर तिच्यासमोर कधीच उच्चारू नका. तिचा प्रश्न दहाव्यांदा आला तरी शांतपणे उत्तर द्या. आणि आईबाबांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला होता, ते आज संध्याकाळीच त्यांना विचारा.